अंडी पडायच्या आधी

श्रावणात पिंपरीचा मासळी बाजार निम्मा रिकामा असतो. तरीही दर रविवारी सकाळी तेजल गोजाबाईच्या पाटापुढे येऊन उभी राहायची. मासळी ती खायला न्यायची नाही, श्रावण तिच्याही घरी पाळत. पाटावरच एकेका तारलीचं पोट अंगठ्यानं हलकेच दाबून बघायची, पाच-सहा चिरून घ्यायची, आतली गाभोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, कितपत भरली आहे त्याचे फोटो काढायची आणि हात धुऊन निघून जायची. "सोताचं लगीन न्हाई झालं अजून, आन बाळंतपनं माशांची करतीया," असं गोजाबाई शेजारणीला सांगायची आणि दोघी खदखदून हसायच्या. तेजलही हसायची.

त्या रविवारी ती पाटाजवळ पोचली आणि थबकली. पाटावर, पाटाखाली, मागच्या टोपल्यांत, जिकडे बघावं तिकडे तारली. निळसर पाठीची, चांदीच्या पोटाची, ताजी फडफडीत.

"एवढी कुठून आली मावशी?"

"तळकोकनातनं. काल गाड्या उतरल्या, आज बी उतरल्या. श्रावनात कोन खानार हाय एवढी? मातीमोल झालीया. पन माल येक नंबर. प्वाट बघ कसं टरारलंय."

तेजलनं एक उचलली. अंगठा नुसता टेकला, तर पोटाखालून पिवळसर, काचेसारखे मोकळे दाणे तिच्या तळहातावर ओघळले. दाबावंही लागलं नाही. दुसरी उचलली, तीही तशीच. तिसरीही. गाभोळी घट्ट असते तोवर मासळीला वेळ असतो. दाणे असे सुटे झाले म्हणजे तिचे दिवस भरलेले असतात. आज नाहीतर उद्या ती पाण्यात अंडी सोडणार असते. समोरचा तो अख्खा ढीग अंडी पडायच्या जरासाच आधी पकडलेला होता.

आणि यंदा एवढ्या उशिरा, तळकोकणात, अशी पोटुशी तारली कुठे जमणार आहे हे फारच थोड्या माणसांना माहीत होतं. ती जागा तेजलनंच शोधली होती.

"काय गं झालं?" गोजाबाई म्हणाली. "तोंड पांढरं पडलंया तुजं. बस जरा."

तेजल बसली नाही. हात तसेच ओले घेऊन ती बाजाराबाहेर आली.

तेजलची आई आरेखोलची. समुद्राकाठचं एवढंसं गाव, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला पाण्यात लांबवर घुसलेला डोंगर. लग्न होऊन ती पिंपरीला आली. तेजलचे वडील इथल्या एका कारखान्यात होते. ते गेल्यावर मायलेकी संत तुकाराम नगरातल्या दोन खोल्यांत राहत. पण तेजलच्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या आरेखोलला बाबलमामाकडे सरल्या. मामा रापणकर. रापण हे एका घराचं जाळं नव्हे. अख्खी वाडी मिळून ते किनाऱ्यावरून ओढते आणि येईल ती मासळी वाटून घेते. मामाच्या मागे दोर धरून, वाळूत टाचा रोवून तेजल लहानाची मोठी झाली. पुढे तिनं शिक्षणही समुद्राचंच घेतलं. नोकरी मात्र लागली चाकणला, जिथे नजर जाईल तिथवर पत्र्याच्या शेड आणि कंटेनर.

ती नोकरी समाधाननं दिली होती. समाधान बीडकडचा. शिकायला चिंचवडला आला तेव्हा तेजलच्याच इमारतीत खोली घेऊन राहायचा. मेसचं जेवण सोसेना म्हणून तेजलची आई त्याला रोज ताट वाढायची, आणि तो तिला काकू म्हणायचा. हुशार आणि भारी मेहनती. पुढे त्यानं चाकणला छोटीशी कंपनी काढली. तिथे समुद्राचं तापमान मोजणाऱ्या डब्या बनत. मुठीएवढी डबी, जाळ्याला नाहीतर तरंगत्या बोयाला बांधायची; पाणी किती गार, किती खारट, किती हिरवं, ते ती मोजायची आणि किनाऱ्याजवळ आली की मोबाइलवरून सगळं चाकणला पाठवायची.

डबी तयार झाली, पण ती बांधून घ्यायला मच्छीमार तयार होईना. कुणीतरी शहरातला येतो आणि म्हणतो हे तुमच्या जाळ्याला लावा, कोण लावणार? तेव्हा तेजल त्याला आरेखोलला घेऊन गेली. समाधाननं तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. मामीनं त्याला पहिल्या दिवशी तारलीतला काटा कसा काढायचा ते शिकवलं, आणि तो काटा घशात अडकून खोकायला लागला तेव्हा मामानं त्याच्या पाठीत थापट्या मारल्या. चार दिवस राहिला. निघताना दोघांच्या पाया पडला. मामानं वाडीतल्या सगळ्यांना सांगितलं की हे आमच्या तेजूचं काम आहे, डब्या लावा. सगळ्यांनी लावल्या.

तीन वर्षं त्या डब्या आरेखोलच्या पाण्यात होत्या, आणि त्यांच्या आकड्यांवरून तेजलला हळूहळू एक गोष्ट उलगडत गेली. तारलीसारखी लहान मासळी अंडी उघड्या पाण्यात सोडून देते. ना घरटं, ना राखण. एका दिवसात पिल्लं बाहेर येतात आणि पहिल्या चार-दोन दिवसांत त्यांच्या तोंडाशी खाणं आलं नाही तर सगळी मरतात. म्हणून मादी पाण्याची वाट बघते. पावसाळी वारा किनाऱ्याकडेनं जोर धरून वरचं पाणी बाहेर ढकलत नेतो, खालचं गार पाणी वर येतं, त्याच्याबरोबर तळाचं खत येतं, पाणी हिरवट होतं, त्यात बारीक जीव पोसतात. असं पाणी तयार झालं की मगच ती अंडी सोडते. आणि सोडते तीही जागा बघून. आरेखोलच्या डोंगरामुळे खाडीच्या तोंडाशी पाणी आतल्या आत फिरत राहतं, अंडी बाहेर वाहून जात नाहीत. म्हणून तारली तिथे येत असे. मामाला ती येते हे ठाऊक होतं. का येते आणि कधी येणार नाही, हे त्याला तेजलनं सांगितलं. दोघं ओट्यावर बसून तासन्‌तास त्यावर बोलत.

यंदा समुद्र तापलेला होता. वारा पडलेला, गार पाणी वर यायचं नाव नाही. तेजलच्या हिशेबानं तारली खोळंबणार होती, आणि खोळंबून ऑगस्टच्या मध्यावर येणार होती. घोळ नेमका तिथेच होता. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी मासळीला अंडी घालता यावीत म्हणून असते, आणि ती जुलै सरला की उठते. यंदा बंदी उठणार आणि त्यानंतर मासळी अंडी घालायला येणार. शिवाय गरम पाण्यामुळे किनारा भरून पसरायची सोडून ती मिळतील तेवढ्या मोजक्या गार जागी दाटीवाटीनं जमणार.

जूनमध्येच तिनं नकाशा केला. आरेखोलच्या तोंडाशी लाल डाग काढला आणि त्यावर लिहिलं, 'इथे अंडी पडणार आहेत. ऑगस्टअखेरपर्यंत जाळं टाकू नये.' एवढा तुकडा आणखी थोडे दिवस बंद ठेवावा अशी विनंती मत्स्य विभागाला करायची होती. मामानं वाडीची बैठक घेतली. नारळी पौर्णिमेनंतरही थोडं थांबू, असं रापणकरांनी आपणहून ठरवलं. समाधाननं नकाशा पाहिला तेव्हा तो खुर्चीवरून उठूनच उभा राहिला होता.

"तेजल, हे कुणालाच जमलं नव्हतं गं," तो म्हणाला होता. "दे माझ्याकडे. विभागात माझी ओळख आहे, मी स्वतः जाऊन देतो."

आठवड्यानं त्यानं सांगितलं, दिलं. तेजलनं त्यावर पुन्हा विचारलंही नाही.

बाजाराबाहेर रिक्षा स्टँडजवळ उभं राहून तिनं मामाला फोन लावला. मामानं उचलला नाही. मामीला लावला. तिनं उचलला.

"मामी, काय झालंय?"

"बोटी इल्यो गो तेजू," मामी म्हणाली. "पाच-सा बोटी. मोठमोठ्यो. बत्तये पेटवन थयच उभ्यो रवल्यो, तोंडाशी. इकडे तिकडे बघल्यानीच नाय. सरळ इल्यो, जाळा टाकल्यानी, भरल्यानी, गेले. परत दुसऱ्या राती इले. आमचो नारळसुद्धा अजून दर्यात पडाक नाय गो."

"मामाला दे ना."

"ते कोणाशीच बोलनत नाय." मामी थांबली. "वाडीतली माणसा इचारतत, बोटयेवाल्यांका ठाव कसा झाला? मी काय सांगू?"

तेजलनं फोन ठेवला. नकाशा तिनं एकाच माणसाच्या हातात दिला होता.

समाधान चऱ्होलीला नव्या सोसायटीत राहायचा. तेजल तशीच तिथे गेली. दार त्याच्या आईनं उघडलं. घरात सत्यनारायणाची तयारी चालली होती. केळीचे खांब दाराशी टेकवून ठेवलेले. "आलीस का बाई, बरं झालं. दुर्वा निवडायच्यात," असं म्हणून ती आत गेली. समाधान सोवळ्यात नव्हता, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. तेजलला बघून त्यानं तो मिटला. कधी नव्हे ते मिटला, हे तिच्या ध्यानात आलं.

"आरेखोलची तारली पिंपरीत आली आहे," ती उभ्यानंच म्हणाली. "गाभोळीसकट."

"बस तर."

"तू नकाशा विभागात दिला होतास?"

त्यानं लॅपटॉप बाजूला ठेवला.

"दिला होतास का नाही?"

"द्यायचाच होता. मध्ये कामं लागली..." तो म्हणाला. मग एकदम आवाज चढवून, "हे बघ, मी तुझी खाडी कुणाला दाखवली नाही. बोटवाल्यांच्या एका गटाला आपण तापमानाची माहिती देतो, एवढंच. नुसतं पाणी. गार कुठं, हिरवं कुठं. त्यावरून त्यांनी काय ओळखायचं ते ओळखलं."

"दाखव."

"काय?"

"त्यांना मोबाइलवर काय दिसतं ते दाखव."

त्यानं टाळाटाळ केली असती, पण तेजल हात पुढे करून उभी होती आणि आतून आई येण्याची चाहूल होती. त्यानं मोबाइल दिला. किनाऱ्याचा नकाशा उघडला. तिचाच नकाशा. आरेखोलच्या तोंडाशी तोच लाल डाग. डोंगराच्या बाजूला तिनं त्याची कड जराशी वाकडी काढली होती, ती वाकडी कडसुद्धा तशीच. फक्त अक्षरं बदललेली. डागावर लिहिलं होतं, 'दाट मासळी. आजच जा.'

तेजल त्या अक्षरांकडे बघत राहिली. तिला राग यायला हवा होता, पण आधी आली ती लाज. जणू भर बाजारात कुणी अंगावरचं वस्त्र ओढावं तशी.

"कंपनी बंद पडायला आली होती तेजल," समाधान म्हणाला. बोलता बोलता त्याची बीडकडची बोली वर आली. "पोरं कामाला ठिवलीत, त्यांच्या घरी चुली हायत. मी खरं सांगायलोय. तुमच्या मामाच्या पाण्यावर कंपनी किती दिवस उभी राहणार? आन डब्या आपल्या, आकडे आपले. लावताना सगळ्यांनी मोबाइलवर 'मान्य' दाबलंय."

"मी सांगितलं म्हणून दाबलं. वाचून नाही दाबलं."

"मग ते माझ्यावर कसं येतं?"

तेजलनं त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस वर्षानुवर्षं तिच्या घरी जेवला होता. आईच्या आजारपणात त्यानं दवाखान्यात रात्री काढल्या होत्या. वाईट माणूस असता तर तिनं तो कधीच ओळखला असता, असं तिला वाटून गेलं.

"तू खोटं का बोललास?" तिनं विचारलं. "माझ्याशी भांडला असतास तरी चाललं असतं. मला सांगायचंस, मी हे विकणार आहे. मी मामाला सावध केलं असतं. तू मला म्हणालास, दिला."

"तू ऐकलंच नसतंस."

"नसतंच ऐकलं."

आतून त्याची आई दुर्वांचं ताट घेऊन आली. "उभी काय बाई, बस की," ती म्हणाली. तेजलनं तिला नमस्कार केला, काम आहे म्हणाली, आणि जिना उतरली. खाली येऊन तिला आठवेना की आपण आलो कसं, रिक्षानं का बसनं.

दोन दिवसांनी ती राजीनामा द्यायला चाकणला गेली. कंपनीच्या फाटकाशी सिक्युरिटीवाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता. जवळ गेल्यावर दिसलं, बाबलमामा. धुवट सदरा, डोक्याला टोपी, खांद्यावर सुतळीनं तोंड बांधलेलं पोतं. रात्रभर एसटीत बसून आलेला. नाशिक रस्त्याच्या धुरळ्यात, कंटेनरांच्या रांगेकडे पाठ करून उभा असलेला मामा तिला एवढासा दिसला.

"मामा!"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. पोतं खाली उतरवलं आणि तिच्या पायाशी ठेवलं. आत डब्या खुळखुळल्या.

"तुमच्यो ह्यो. सगळ्यो आसत. मोजून घे."

"मामा, आत चल. नाहीतर घरी जाऊ. आई—"

"तुका ठाव होता?"

"नाही. शपथ घेऊन सांगते, नाही."

"मगे तेका जागा कोणी सांगल्यान?"

"मी." ती म्हणाली. "मला वाटलं तो बंद करायला सांगणार आहे. मला त्यानं तसं सांगितलं होतं."

मामानं मान हलवली. विश्वास बसला की नाही ते त्या हलण्यातून कळेना. इतक्यात आतून समाधान लगबगीनं बाहेर आला. सिक्युरिटीवाल्यानं फोन केला असावा. तो आला आणि सवयीनं मामाच्या पायांकडे वाकला. मामा दोन पावलं मागे सरला. समाधानचे हात मोकळ्या जमिनीवर गेले आणि तसाच तो सरळ झाला.

"मामा, बसा तरी. चहा घ्या. आपण बोलू. मी तो डाग कालच काढून टाकला नकाशावरून."

"आता?" मामा म्हणाला. "आता थय काय आसा?"

समाधाननं हातांची धूळ झटकली.

"पोराक काटो लागलो म्हणान मी तुज्या पाठीत थापटलंय," मामा म्हणाला. आवाज शांत होता, जणू तो दुसऱ्याच कुणाबद्दल सांगत होता. "तेजून हाडल्यान म्हणान घरात घेतलंय. दर्योसुद्धा फसयता रे. माजो बापूस दर्यात गेलो. पण दर्यो आदी घरात येवन जेवणा नाय."

समाधाननं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मामानं तिकडे लक्षच दिलं नाही. टोपी सारखी केली आणि रस्ता ओलांडायला वळला. तेजल मागे धावली.

"मामा, घरी चल ना. आईला भेटून तरी जा. एवढा लांब आलास."

"ताईक सांगू नको मी इलंय म्हणान."

"असं काय करतोस?"

"काय सांगू तिका?" त्यानं पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं. "वाडीत बैठक माजी. थांबूया म्हणान सांगलंय मी. लोक थांबले. थांबले तेंका काय गावला नाय, आणि बोटयेवाले भरून गेले. तेंका वाटता, मीच भाच्येक पुढे करून दर्यो विकलंय. कोण कोण तोंडार बोलता. बाकीचे बोलनत नाय, ता जास्त लागता."

मामानं तिच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला, आणि ठेवला नाही. समोरून पुण्याकडे जाणारी बस आली. तो चढला.

राजीनामा तिनं त्याच दिवशी दिला. पोतं तिनं समाधानच्या टेबलावर नेऊन ठेवलं. कंपनीतली माणसं खाली मान घालून आपापलं काम करत होती. त्यांच्यात एकजण, धम्मरत्न, फाटकापर्यंत तिच्याबरोबर चालत आला. डब्या जोडणारा तो. "मॅडम, डागावरची अक्षरं बदलली तेव्हा मला दिसलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं तुम्हालाच विचारून केलंय." त्याचं चुकलं असं तिला म्हणता येईना. तिनंही समाधानला परत विचारलं नव्हतंच की.

मग ती तळकोकणातल्या जिल्हा मत्स्य कार्यालयात गेली. तिथल्या अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं, नकाशा पाहिला, हळहळले, आणि हे जूनमध्ये आलं असतं तर काहीतरी करता आलं असतं असं म्हणाले. तरी त्यांनी गस्तीची बोट पाठवली. तोवर मोठ्या बोटी दुसरीकडे गेल्या होत्या. त्यांच्या मोबाइलवर तेव्हा दुसऱ्या गावांसमोर डाग दिसत असणार, ती गावं तेजलला ठाऊक होती, आणि तिथे तिचं ऐकणारं कुणी नव्हतं.

आईपासून ती लपवणार होती. मामानं तसं सांगितलं होतं. पण नारळी पौर्णिमेला राखी बांधायला दोघींनी आरेखोलला जायचं दरवर्षीचं ठरलेलं, आणि आईनं पिशव्या भरायला घेतल्या तेव्हा तेजल म्हणाली, "तू एकटीच जा." आईनं कारण विचारलं. मग सगळंच सांगावं लागलं. आई पिशवीतली साडी पुन्हा पुन्हा घडी करत ऐकत राहिली. सांगून झाल्यावर एवढंच म्हणाली, "मी त्या पोराला वाढायची तेव्हा आधी त्याला वाढायची, मग तुला."

ती एकटी जाऊन आली. मामानं राखी बांधून घेतली. तेजलचं नाव त्यानं काढलं नाही आणि आईनंही काढलं नाही.

हिवाळ्यात रापण रिकामी येऊ लागली. ऑगस्टमध्ये जी अंडी पडायची ती पडलीच नव्हती, तर वर्षाची पिल्लं येणार कुठून? वाडीतली दोन घरं गोव्याकडे बोटींवर कामाला गेली. दरवर्षी मामी सुक्या मासळीची पिशवी एसटीनं पाठवायची, ती आली नाही. तेजलला चिंचवडच्या एका कॉलेजात शिकवायचं काम मिळालं. समुद्राचा धडा आला की ती भराभर उरकायची.

फेब्रुवारीत मोशीला उद्योगांचं मोठं प्रदर्शन भरलं. कॉलेजातल्या मुलांना घेऊन तेजलला जावं लागलं. यंत्रांचे, रोबोंचे, रंगांचे स्टॉल बघत मुलं पुढे गेली, आणि एका वळणावर तिला बाबलमामा दिसला. माणसाहून उंच, स्टॉलच्या अख्ख्या भिंतीवर. रापणीचा दोर खांद्यावर, हातात डबी, आणि तोंड भरून हसतोय. खाली लिहिलं होतं, 'आमच्या मच्छीमार बांधवांच्या विश्वासावर.' तो फोटो तेजलनं काढलेला होता. मामा सहसा फोटोत हसत नसे. त्या दिवशी ती काहीतरी गमतीचं बोलली होती म्हणून हसला होता.

स्टॉलवर समाधान दोन पाहुण्यांना माहिती सांगत होता. तेजल थेट भिंतीपाशी गेली. फ्लेक्स वरच्या बाजूला क्लिपांनी अडकवला होता. तिनं बाजूची खुर्ची ओढली, वर चढली आणि एकेक क्लिप काढायला सुरुवात केली. मुलं बघायला लागली. स्टॉलवरची मुलगी "ओ मॅडम, ओ मॅडम" करत धावली. सिक्युरिटीवाला आला. समाधाननं वळून पाहिलं, आणि हातानं त्याला थांबवलं.

"घेऊन जाऊ दे," तो म्हणाला. मग जवळ येऊन, हळू आवाजात, "मला सांगायचंस. मीच काढून दिला असता."

तेजल खुर्चीवरून उतरली. फ्लेक्सची गुंडाळी केली. त्याच्याशी ती एक शब्दही बोलली नाही. काही बोलली असती तर त्यानं समजुतीनं मान हलवली असती, आणि ते तिला सोसवलं नसतं.

ती उंच गुंडाळी उभी धरून ती बसमधून घरी आली. आईनं ती पलंगावर उलगडली. पलंग पुरेना; भावाचे पाय जमिनीवर लोंबायला लागले. आई त्याच्या चेहऱ्याजवळ बसून राहिली. मग म्हणाली, "त्याला फोन लाव."

"तो उचलायचा नाही."

"लाव."

मामानं उचलला. आईच्या मोबाइलवरून लावला होता, तिचाच समजून उचलला असेल. तेजलनं घाईघाईत सगळं सांगितलं, फोटो कुठे लावला होता, खाली काय लिहिलं होतं, तिनं तो कसा काढून आणला. पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता. मामा किनाऱ्यावर असावा.

"मामा? ऐकतोस ना?"

"फोटोत मी हसतंय?" मामानं विचारलं.

तेजलनं पलंगाकडे पाहिलं.

"हो."

"मगे फाड तो."

फोन ठेवल्याचा आवाज आला. तेजलनं आईला सांगितलं. आई उठली, तिनं एक कड धरली, तेजलनं दुसरी, आणि दोघींनी ओढलं. फ्लेक्स नुसता ताणला गेला. हातांनी तो फाटणारा नव्हता. आई स्वयंपाकघरात गेली आणि कात्री घेऊन आली.